लेओविखिल्दोची कायदेशीर खिडकी

लेओविखिल्दो कार्रास्कोसाने आयुष्यात एकच वर्ष कायद्याचा अभ्यास केला, तोही टपालाने. पुढे धडे यायचे थांबले. ते का थांबले याची चौकशी करायला तो पोस्टात गेला, तो तिथेच नोकरीला लागला आणि पोसाल्बो गावचा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाला. पण त्या एका वर्षाचा अंमल काही त्याच्या डोक्यातून उतरला नाही. कुणाची कोंबडी कुणाच्या कुंपणात शिरली तरी लेओ कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "यात दोन मुद्दे आहेत." दुसरा मुद्दा ऐकायला गावात आजवर कुणी थांबलं नव्हतं.

खिडकीचं काम निघालं तेव्हा मात्र त्यात एकही मुद्दा नव्हता. विसीला उजेड हवा होता, बस्स.

विसी म्हणजे लेओची बायको, विसितासिओन. स्पेनमधल्या ला मांचाच्या त्या भागात बायका मांडीवर गोल लांबट उशी घेऊन, तिच्यात टाचण्या टोचून, लाकडी रिळं खडखडवत लेस विणतात. विसीच्या हातची लेस बघायला शेजारच्या गावातून माणसं यायची. तिच्या आईने तिला बाप्तिस्म्याचा झगा विणला होता, तिने लेक नोएलियाला विणला होता, आणि आता नोएलियाला मुलगी झाली होती. नातीचा बाप्तिस्मा ऑक्टोबरच्या जत्रेनंतरच्या रविवारी ठरला होता. तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरने विसीला सांगितलं, "काय विणायचंय ते यंदा विणून घ्या बाई. पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही." विसी घरी आली, स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "लेओ, इथे मला पांढरा धागासुद्धा काळा दिसतो. मला खिडकी पाहिजे."

स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे सातुरिओचं अंगण होतं. सातुरिओ जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करून निवृत्त झालेला, आडवा, अबोल माणूस. तीस वर्षं शेजारी आणि तीस वर्षं मुसमधला जोडीदार. मुस म्हणजे चौघांचा पत्त्यांचा खेळ, दोन-दोनच्या जोड्या. लेओने भिंतीवरून विचारलं, "सातुरिओ, इथे खिडकी पाडली तर तुझी हरकत?"

"पाड की लेका," सातुरिओ म्हणाला. "माझ्या अंगणात काय राजवाडा आहे, तुझी नजर लागेल?"

हरकत घेतली ती नगरपालिकेने. तिथल्या कारकुनाने अर्जासोबत खिडकीचा फोटो मागितला. लेओ म्हणाला, खिडकी अजून नाही, म्हणून तर अर्ज. कारकून म्हणाला, तरी फोटो लागतो. शेवटी लेओने नुसत्या भिंतीचा फोटो दिला. कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला आणि "जरा अंधार आलाय" असं म्हणून शिक्का मारला. गावातून सल्लेही आलेच. कुणी म्हणालं पूर्वेला पाडा, कुणी म्हणालं पाडूच नका, थंडी येते. बारवाली बेनिता म्हणाली, "खिडकी पाडण्यापेक्षा बायकोला दिवा आणून दे, कंजूष कुठला." लेओच्या मनाला ते फार लागलं, कारण त्याने तीन दिवे आणले होते आणि तिन्हींची सावली लेसवर पडत होती.

खिडकी झाली. शिडी सातुरिओने धरली, पहिली वीट त्याने स्वतः काढली आणि काढलेल्या भोकातून पलीकडून वाइनची बाटली आत दिली. विसी उशी घेऊन बसली आणि झगा वाढायला लागला. सातुरिओची बायको कासिल्दा अंगणातून खिडकीशी येऊन उभी राहायची, दोघींच्या गप्पा चालायच्या, कधी आतून अंजिरं बाहेर जायची, कधी बाहेरून पुदिना आत यायचा. इथे गोष्ट संपली असती. पण गावात औषधांचं दुकान होतं, आणि दुकानात प्लासिदोसाहेब होते.

प्लासिदोसाहेबांना औषधांखेरीज सगळ्यातलं कळायचं. एके संध्याकाळी बेनिताच्या बारमध्ये ते लेओजवळ येऊन बसले आणि अगदी सहज म्हणाले, "खिडकी झकास झालीय म्हणे. सेर्विदुम्ब्रे आहे ना तिची?"

आता ही सेर्विदुम्ब्रे काय भानगड आहे ते सांगितलंच पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा तिनेच केला. स्पेनच्या कायद्यात माणसांची चाकरी केव्हाच बंद झाली, पण घरांची अजून चालू आहे. माझ्या घराला उजेड मिळावा म्हणून तुमच्या अंगणाने मोकळं राहायचं, भिंत उभारायची नाही, असा हक्क मला मिळाला, की त्याला म्हणायचं सेर्विदुम्ब्रे. मग कायद्याच्या भाषेत माझं घर मालक आणि तुमचं घर चाकर. माणसं एकमेकांना कितीही मिठ्या मारोत, घरांनी आपापली पायरी सांभाळायची.

"सातुरिओ हो म्हणालाय," लेओ म्हणाला.

"हो म्हणणं म्हणजे नुसती मेहेरबानी. उद्या तो मेला, त्याचा माद्रिदचा पुतण्या आला आणि खिडकीच्या नाकावर तीन मजले चढवले, तर? तुम्ही तर कायदा शिकलेले. मी तुम्हाला काय सांगणार?"

हे शेवटचं वाक्य घातकी होतं. लेओ रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी माळ्यावरून टपालाने आलेले जुने धडे काढले, धूळ झटकली आणि दुपारपर्यंत त्याला जे पाहिजे होतं ते सापडलं. अशी खिडकी वीस वर्षं टिकली की हक्क कायमचा होतो. मात्र ती वीस वर्षं खिडकी पाडल्यापासून मोजत नाहीत. शेजाऱ्याला तुम्ही रीतसर, नोटरीकरवी, "खबरदार, इथे भिंत बांधशील तर" अशी मनाई ज्या दिवशी करता, त्या दिवसापासून मोजतात.

"म्हणजे जो भिंत बांधत नाहीये, त्याला भिंत बांधू नको म्हणून सांगायचं?" विसीने रिळं न थांबवता विचारलं.

"कायद्याने तसंच आहे."

"आणि वीस वर्षांनी तू किती वर्षांचा असशील?"

"नव्वद."

"मग नव्वदाव्या वर्षी खिडकीत बसून तू हक्काने काय बघणार आहेस? अरे, त्याच्याकडे जा, म्हण बाबा रे, एक सही दे. देईल तो."

"मित्राकडे सही मागू?" लेओ दुखावला. "तीस वर्षांत मी त्याच्याकडे काही मागितलं नाही. त्याला काय वाटेल?"

नोटरीबाई तालुक्याच्या गावी बसायच्या. त्यांनीही चष्मा काढून तेच विचारलं. "शेजाऱ्याने बांधकाम काढलंय?"

"नाही."

"काढणार असं म्हणालाय?"

"नाही."

"मग मनाई कशाची?"

"त्याच्या मनात यायच्या आत, बाई!"

"तुम्ही दोघं मिळून या ना. तो राजीखुशीने लिहून देईल, तुम्हाला लगेच हक्क मिळेल, वीस वर्षं थांबायलाही नको."

"छे छे, त्याचा अपमान होईल."

नोटरीबाईंनी चष्मा परत लावला आणि लिहायला घेतलं. त्यांनी खूप अपमान पाहिले असावेत.

मनाईचा कागद घेऊन नोटरीचा माणूस सातुरिओकडे गेला तेव्हा लेओ पडद्याआड उभा होता. सातुरिओ अंगणात पिंजरा साफ करत होता. त्याच्याकडे एक पिवळा कॅनरी पक्षी होता, तेवढं एक सोडलं तर तो कुणाशी जास्त बोलायचा नाही. त्याने हात पुसले, कागद घेतला आणि ओठ हलवत वाचू लागला. कागदात भिंत होती, मांडव होता, खुराडं होतं, आडोसा होता, यातलं काहीही उभारण्याची सक्त मनाई होती. एका जागी सातुरिओचे ओठ थांबले.

"कासिल्दा," त्याने हाक मारली, "आपलं घर चाकर आहे म्हणे."

"कुणाचं?" आतून कासिल्दाने विचारलं.

"लेओच्या स्वयंपाकघराचं."

मग त्याने मान वर करून खिडकीखालच्या जागेकडे पाहिलं. तीस वर्षांत त्या जागेकडे त्याने कधी धड पाहिलंच नव्हतं. आता मात्र तो ती पावलांनी मोजायला लागला. आणि पडद्याकडे न बघता, पण पडद्याला नीट ऐकू जाईल असं म्हणाला, "मला भिंत बांधायची नव्हती. आता बांधायची आहे."

आणि कायदा बघा कसा, त्याला बांधायचा पूर्ण अधिकार होता. वीस वर्षांतला एकच दिवस तर झाला होता.

दुसऱ्या सकाळी ट्रॅक्टरभर विटा आल्या. सातुरिओने जन्मात इंजिनं उघडली होती, वीट कधी रचली नव्हती, आणि गवंडी बोलवायला त्याचा अभिमान तयार नव्हता. भिंत रोज थोडी वर चढायची आणि रोज थोडी लेओच्या बाजूला कलायची. लेओला ते बघवेना. पण बोलणं तर बंद झालेलं. मग तो खिडकीच्या कट्ट्यावर बसलेल्या मांजरीला म्हणायचा, "काही लोकांना ओळंबा नावाची वस्तू माहीतच नसते."

पलीकडून सातुरिओ कॅनरीला म्हणायचा, "काही लोकांना दुसऱ्याच्या अंगणाचं मालक व्हायचं असतं."

"उजवीकडची वीट हलतेय," लेओ मांजरीला म्हणायचा.

जरा वेळाने पलीकडे वीट ठाकठीक केल्याचा आवाज यायचा. मांजर दोघांनाही कंटाळून निघून जायची.

भिंत खिडकीच्या वर गेली आणि स्वयंपाकघरात पूर्वीपेक्षा जास्त अंधार झाला. त्याच दिवशी पलीकडून कासिल्दाचा टाहो ऐकू आला. सातुरिओने भिंत बांधण्याच्या भरात स्वतःच्या अंगणातला नळ भिंतीच्या आड घालवला होता! नळ बरोब्बर दोन भिंतींच्या फटीत अडकला होता. तिथपर्यंत हात पोचायचा तो एकाच ठिकाणाहून, लेओच्या खिडकीतून.

तेव्हापासून रोज सकाळी कासिल्दा भिंतीपलीकडून ओरडायची, "विसी, पाणी!" विसी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून लांब दांड्याच्या पळीने नळ उघडायची, आणि सातुरिओ भिंतीवरून रबरी नळी ओढून घ्यायचा. कोणतं घर कोणाची चाकरी करत होतं हे कायद्याने सांगावं.

"हे असं किती दिवस चालणार?" विसीने विचारलं.

"त्याने आधी भिंत पाडावी."

"आणि तो म्हणतो, तू आधी मनाई मागे घे."

"मनाई मागे घेणं म्हणजे माफी मागणं!"

"मग माग ना."

पोस्टमास्तर असताना त्याने एकदा मंत्र्याचं पत्र उशिरा पोचवलं होतं, तेव्हाही त्याने माफी मागितली नव्हती.

विसी उठली. तिने उशी काखेला मारली, रिळांची टोपली उचलली आणि दाराबाहेर पडली.

"कुठे निघालीस?"

"उजेडाला," विसी म्हणाली आणि शेजारच्या दारात शिरली.

तेव्हापासून विसी दिवसभर सातुरिओच्या अंगणात बसून लेस विणू लागली. भिंतीच्या त्या बाजूला लख्ख ऊन, कॅनरीचं गाणं, रिळांची खडखड आणि दोघी बायकांचं हसणं. दुपारी लसणाच्या सूपचा वास यायचा आणि कासिल्दा म्हणायची, "घे गं अजून थोडं." भिंतीच्या या बाजूला लेओ दिवा लावून डब्यातले सार्डिन मासे खायचा. हक्काची खिडकी त्याच्यासमोर होती. तिच्यातून त्याला विटा दिसायच्या.

तरी एका गोष्टीत खंड पडला नाही. रोज संध्याकाळी दोघं बेनिताच्या बारमध्ये समोरासमोर बसून मुस खेळायचे. दुसरा इलाजच नव्हता. जत्रेतल्या मुसच्या सामन्याला दोघांचं नाव जोडीने दिलेलं होतं, आणि गेल्या तीन जत्रा ती जोडी जिंकत आली होती. बोलणं बंद असून मुस खेळता येतो, कारण त्या खेळात जोडीदाराला चेहऱ्याने खुणा करायची मुभा असते. खालचा ओठ चावला, की माझ्याकडे दोन राजे आहेत. जिभेचं टोक दाखवलं, की दोन एक्के. एक डोळा मारला, की माझ्या पत्त्यांची बेरीज एकतीस भरली, म्हणजे सोनंच. दोन्ही डोळे मिटले, की हातात काही नाही बाबा, रिकामा आहे. फक्त खूण करताना समोरच्या जोडीने पकडू नये, आणि खूण खोटी असू नये. खोटी खूण करणाऱ्याशी पोसाल्बोत कुणी पुन्हा पत्ते खेळत नाही, त्याच्या मयताला जातात पण पत्ते खेळत नाहीत.

त्यामुळे गावाला रोज तमाशा फुकट. दोन पांढऱ्या मिशांचे म्हातारे, एकमेकांशी शब्द बोलत नाहीत, आणि तासन्‌तास एकमेकांना ओठ चावून दाखवताहेत, डोळे मारताहेत.

"तुमचं भांडण झालंय की लग्न जमलंय?" बेनिता विचारायची.

जत्रा आली तीच बोचरं वारं घेऊन आली. अंगणात बसणं संपलं. विसीची बोटं आखडायला लागली, रिळं हातातून सुटायला लागली. ती उशी घेऊन परत स्वयंपाकघरात आली, दिव्याखाली बसली, एक टाका घातला, दुसरा उसवला, आणि मग तिने हात मांडीवर ठेवले. झग्याची काठाची लेस वीतभर राहिली होती. रविवार तोंडावर होता.

"लेओ," ती हळू म्हणाली, "मी तुझ्याकडे मालकी मागितली नव्हती रे. उजेड मागितला होता. माझ्या हातचा हा शेवटचा झगा आहे, आणि तो पुरा होत नाही." ती रडत नव्हती, म्हणून लेओला जास्त भीती वाटली. "आणि एक सांगू? तुझ्या कानात हे खूळ भरलं कुणी? प्लासिदोने. आणि जत्रेत तीन वर्षं तुमच्याकडून हरतंय कोण?"

लेओच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्याच्या डोक्यात कायदा होता, जागा नव्हती.

त्या संध्याकाळी अंतिम सामना. समोर प्लासिदोसाहेब आणि त्यांचा जोडीदार, गुरांचा डॉक्टर. बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सुरुवातीपासून लेओ आणि सातुरिओ मागे पडत गेले, कारण लेओ सातुरिओच्या तोंडाकडे बघतच नव्हता. बघितलं की त्याला ती कललेली भिंत दिसायची, मांडीवर ठेवलेले विसीचे हात दिसायचे आणि स्वतःचा राग यायचा. प्लासिदोसाहेब दर हाताला गोड हसत होते आणि लेओला "घ्या ना, पाणी घ्या" म्हणत होते.

शेवटच्या डावात दोन्ही जोड्या बरोबरीला आल्या. पत्ते वाटले. पहिला हात, म्हणजे पहिली बोली, सातुरिओची. सातुरिओ गप्प राहिला, आणि प्लासिदोसाहेबांनी पत्ते टेबलावर पालथे ठेवून आवाज चढवला. "एकतिशीवर ओर्दागो!"

ओर्दागो म्हणजे सगळा खेळ एका बोलीवर. घेतला तर जिंकून मोकळे किंवा हरून मोकळे. तीस वर्षं या जोडीत खूण सातुरिओची आणि बोली लेओची, सातुरिओने तोंड उघडायचं नाही असा रिवाज. लेओच्या स्वतःच्या हातात कचरा होता. त्याने नाइलाजाने मान वर केली.

सातुरिओने डावा डोळा मारला.

एकतीस. आणि पहिला हात त्याचा, म्हणजे समोर कितीही मोठं असलं तरी बरोबरीत तोच वर. घेतला तर जिंकलो. पण लेओच्या मनात पाल चुकचुकली. हाच तो माणूस, ज्याने माझ्यावर सूड घ्यायचा म्हणून स्वतःचा नळ घालवला. आज सगळ्या गावासमोर मला तोंडावर पाडायला स्वतःचा डावही घालवील. डोळा खोटा असेल तर?

त्याने सातुरिओकडे नीट पाहिलं, कितीतरी दिवसांनी. सातुरिओचं नाक लाल झालं होतं, बोटांना सिमेंटने चिरा पडल्या होत्या, आणि तो लेओकडे तसाच बघत होता जसा तीस वर्षं बघत आला होता, जरा कंटाळून, जरा घाई करत, बोल की लेका. आणि लेओला इतकी लाज वाटली की त्याचे कान गरम झाले. या माणसाच्या एका डोळ्यावर आपण तीस वर्षं सगळा खेळ लावत आलो. कधी नोटरी लागला नाही. आणि दीड हाताच्या खिडकीसाठी आपण त्याला मनाईचा कागद पाठवला!

"घेतला!" लेओ ओरडला.

प्लासिदोसाहेबांनी पत्ते उलटले. एकतीस. त्यांचं हसू अजून तोंडावरच होतं. सातुरिओने सावकाश आपले उलटले. एकतीस, आणि पहिला हात.

बार डोक्यावर घेतला लोकांनी. बेनिताने बाटल्या काढल्या. प्लासिदोसाहेबांना अचानक दुकान उघडं राहिल्याची आठवण झाली. लेओ आणि सातुरिओ एकेका हाताने करंडक धरून फोटोला उभे राहिले आणि एकही शब्द न बोलता आपापल्या घरी गेले. अभिमान म्हणजे काय ते स्पेनमध्ये शिकावं.

सकाळी लेओ कोट चढवून निघाला. नोटरीबाई जत्रेमुळे सोमवारपर्यंत नाहीत असं कळल्यावर तो तसाच कोटासकट परत आला, स्वयंपाकघरात गेला, खिडकी उघडली आणि विटांना उद्देशून हाक मारणार, इतक्यात पलीकडून ठोक ठोक ऐकू आलं. वरची एक वीट हलली आणि नाहीशी झाली. तिथे सातुरिओची टोपी दिसली.

"काय करतोयस?" लेओने विचारलं. मांजर नव्हती, त्यामुळे सरळ त्यालाच विचारावं लागलं.

"दिसत नाही का? हो, तुला कसं दिसेल. भिंत आहे."

"मी मनाई मागे घेतोय. नोटरी सोमवारी येणार आहे."

"मग आजच पाडतो. सोमवारनंतर पाडली तर गाव म्हणेल सौदा केला."

"आणि आज पाडलीस तर गाव म्हणेल कागदाला घाबरलास."

सातुरिओचा हातोडा थांबला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. दोघं आपापल्या बाजूने विचारात पडले.

"सातुरिओ," लेओ म्हणाला, "यात दोन मुद्दे आहेत."

"हं. पहिला?"

"पहिला हा, की मी गाढव आहे."

सातुरिओने हातोडा खाली ठेवला. आणि मग पोसाल्बोच्या इतिहासात प्रथमच कुणीतरी विचारलं, "आणि दुसरा?"

"दुसराही तोच," लेओ म्हणाला. "मी तुझ्याकडे यायला हवं होतं. तुला विचारायला हवं होतं. माफ कर."

पलीकडून मोठ्याने नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"चाकर म्हणालास तू माझ्या घराला."

"मी नाही, कायदा म्हणाला."

"कायद्याला सांग, चाकराने भिंत तिरकी बांधलीय, हात लावायला ये."

लेओ कोट घालूनच खिडकीतून बाहेर पडला, नळावर पाय ठेवला, तसा नळ उघडला, आणि विजारीसकट भिजत तो विटा उचलायला लागला. कासिल्दा बाहेर येऊन कपाळाला हात लावून उभी राहिली. त्या भिंतीला पाडायला फार कष्ट पडले नाहीत. तिसऱ्या रांगेनंतर ती आपण होऊनच बसली. सातुरिओने खालच्या दोन ओळी तेवढ्या ठेवल्या, गावाला काही म्हणायला नको म्हणून, आणि त्यावर कॅनरीचा पिंजरा ठेवला.

ऊन तिरपं आत आलं. विसीने उशी आणली, खुर्ची खिडकीशी ओढली, टाचण्या नीट केल्या आणि बसली. रिळं पुन्हा बोलायला लागली. खिडकीच्या आत लेओ ओले पाय घेऊन उभा, खिडकीबाहेर सातुरिओ हातोडा घेऊन उभा, दोघंही कट्ट्यावर कोपरं टेकून.

"मग आता तुझ्या हक्काचं काय?" सातुरिओने विचारलं. "वीस वर्षांचं?"

लेओने त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही डोळे मिटले. हातात काही नाही बाबा, रिकामा आहे.

सातुरिओनेही डोळे मिटले.

"दोघंही डोळे मिटून काय उभे राहिलात?" विसी कडाडली. "उजेडातून बाजूला व्हा! मला झगा पुरा करायचाय!"